सकाळी पीएच ७.९ दिसला म्हणून घाबरू नका

भाऊ, तुमच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टाकीचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी, त्याचा आकडा) सकाळी ७.९ अन् संध्याकाळी ८.२ येतो म्हणता, म्हणजे टाकी ठीकच आहे. दिवे बंद झाले की कोरल-शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढत नाही, तो पाण्यात साठतो अन् पीएच उतरतो. ७.८ ते ८.४ चालतं.

नवीन माणूस हमखास इथं चुकतो:

- आकडा चढवायला पावडर ओतणं. मीही ओतली होती; सकाळी हीटरवर पांढरा थर, पीएच जिथल्या तिथं.
- बोअरचं पाणी. आपल्याकडचं जड असतं, मीठ आरओच्याच पाण्यात कालवा.
- बंद खोली. थंडीत दारं लावून चौघं झोपले की हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो. आठवडाभर खिडकी थोडी उघडी ठेवून बघा, तेही रोज एकाच वेळी मोजून.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद, ८ ते १० डीकेएचवर (हे तिचं माप) स्थिर ठेवा. टाकीला कॅल्शियम पुरवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचं सध्या नावच काढू नका. अन् लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप पाहिजेच.