दाढेची कॅप नीट बसली आहे का, हे ती न काढता स्कॅनमध्ये दिसतं का?

महिन्यापूर्वी झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकची) कॅप बसवली, आता तिच्याशेजारी मेथी आणि चिवड्यातलं डाळं अडकतं, मग सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) काढून फट बघावी का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला दातांची डॉक्टर आहे, कॅप-ब्रिज हेच रोजचं काम. स्कॅनचे पैसे वाचवा.

कॅपची कड आणि दात यांच्यात थोडी फट राहतेच, ती सिमेंटनं भरते. 1971 साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी 120 मायक्रॉन ही मर्यादा सुचवली, ती आम्ही अजून धरून चालतो. म्हणजे जेमतेम 0.12 मिलिमीटर. सीबीसीटीचा एकेक ठिपकाच साधारण 75 ते 400 मायक्रॉनचा. त्यात झिर्कोनिया, धातू अशा दाट वस्तूंशेजारी चित्रात काळे पट्टे उमटतात. नसलेली फट दिसेल आणि तुमची झोप उडेल.

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी रुग्णांच्या काढून टाकलेल्या दाढांवर कॅपा बसवून मी त्या डायमंड डिस्कनं उभ्या चिरायचे. जिथून चिरलं तिथलीच फट दिसायची, बाकीचा सगळा घेर अंधारात. वर सिमेंटचा टवका उडाला, की ही फट मुळातली का माझ्या पात्यानं केलेली, हे कळायला मार्ग नाही. फार चिडचिड व्हायची. मायक्रो-सीटीत, म्हणजे खूप बारीक तपशील टिपणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, तीच दाढ न चिरता काही मायक्रॉनच्या बारकाईनं चहूबाजूंनी मोजता येते, सिमेंटच्या आधी आणि नंतरही. पण ते यंत्र प्रयोगशाळेतलं. दात काढून आत ठेवायचा, तुम्हाला नाही!

जिवंत दातावर चालणारी पद्धत म्हणजे ओसीटी, प्रकाशानं आतले थर दाखवणारा स्कॅन. डोळ्यांचे डॉक्टर पडदा बघतात तीच, 1991 ची. क्ष-किरण नाहीत, नुसता अवरक्त प्रकाश. दाताच्या रंगाच्या फिलिंगखालची फट ती छान दाखवते, पण दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच, आणि धातूपुढे हात टेकते.

दवाखान्यात आम्ही सिमेंट लावण्याआधी कॅपमध्ये पातळ सिलिकॉन भरून ती दाबून बसवतो. काढल्यावर आत जो पापुद्रा राहतो, त्याची जाडी म्हणजेच फट. कॅप चिकटवल्यानंतर उरतात प्रोब (कड चाचपायची बारीक टोकदार सळई) आणि बाइटविंग (वरखालच्या दाढा एकत्र दाखवणारा छोटा) एक्स-रे. त्यातही एक्स-रेत शेजारच्या दातांकडच्या दोनच कडा दिसतात; गालाकडची आणि जिभेकडची कॅपच्या सावलीत लपते.

पण मला वाटतं तुम्ही चुकीची फट शोधताय. डाळं 120 मायक्रॉनमध्ये शिरत नाही. ते अडकतं कॅप आणि शेजारचा दात एकमेकांना घट्ट टेकत नसले की. आज रात्री फ्लॉस घालून बघा. टक्‌ न होता सरळ खाली गेला, तर संपर्क सैल आहे. ज्यांनी कॅप बसवली त्यांना हेच करून दाखवा. शेजारच्या दातात फिलिंग असेल तर ते बदलून भागू शकतं, नाहीतर बहुधा कॅप नवीन करावी लागते.