आंघोळ झाली की टॉवेल टाकून पळतो, कपडे कसे घालू?

प्रश्न : ताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. सकाळी आंघोळ झाली की नागडाच घरभर पळतो, टीशर्ट डोक्यातून घालायला गेलं की किंचाळतो. चड्डी हातातून ओढून घेतो, "मी घालनाल" म्हणतो आणि दोन्ही पाय एकाच बाजूत घालून रडत बसतो. खाली प्लेग्रुपचे रिक्षाकाका हॉर्न वाजवत असतात. सासूबाई म्हणतात धर आणि घाल. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : सकाळी शिकवायला जाऊच नका, रिक्षा खाली असताना कुणाचाच पेशन्स राहत नाही. तेव्हा सासूबाई म्हणतात तसं सरळ घालून मोकळं व्हा, फक्त कपडे आधीच बाथरूमच्या दाराशी आणून ठेवा म्हणजे पळायला वावच नको. आणि अंग नीट कोरडं करा हं, ओल्या अंगावर कपडा चिकटतो आणि अर्धी रडारड तिथंच सुरू होते.

शिकवणं संध्याकाळी, हातपाय धुतल्यावर. चड्डीपासून सुरुवात करा, इलास्टिकची, नाडीची नको. पाटावर बसवायचं, कारण या वयात एका पायावर तोल जातो. दोन्ही पाय तुम्ही घाला, गुडघ्यापर्यंत आणा, आणि वर ओढायचं काम त्याचं. शेवट त्याच्या हातून झाला की "मीच घातली" म्हणून खूश, मग हळूहळू घोट्यापासून ओढू दे, नंतर एक पाय त्याचा त्याला घालू दे. एक गंमत बघा, मुलं चड्डी फक्त पुढून ओढतात आणि मागे ती ढुंगणावर अडकते, तर त्याचा एक हात धरून मागे नेऊन ठेवा, बास.

टीशर्टचं किंचाळणं मला तरी नुसता हट्ट वाटत नाही. तोंड झाकलं जातं, कान ओढले जातात, दिसेनासं होतं. सध्या सैल गळ्याचे किंवा पुढून बटणांचे शर्ट घ्या (बटणं तुम्हीच लावायची, ती लावायला तिसऱ्या वर्षानंतर जमेल!), मानेचं लेबल टोचत असेल तर कापून टाका. सरावाला टीशर्ट पलंगावर चित्र खाली करून पसरा, खालची कड त्याच्याकडे, आणि त्यात मांजरासारखं डोकं घालू दे.

"कपडे घालायचे का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. लाल की निळा, एवढंच विचारा, अख्खं कपाट दाखवू नका. उलटा घातला तर घरात राहू दे तसाच.

मात्र सैल, मऊ, कुठलाच कपडा अंगाला लागलेला चालत नसेल, किंवा चमचा, खेळणी धरायलाही हाताला जोर कमी वाटत असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.