त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडाला हे नाव कसं पडलं?

कुश म्हणजे दर्भ, त्यावरून. गोष्ट अशी सांगतात की गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, त्यांनी हाकलायला नुसती दर्भाची काडी टाकली तर गायच मेली, मग गोहत्येचं पाप धुवायला त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून शंकराकडे गंगा मागितली. पण ती एका जागी थांबेचना, इथे दिसायची, तिथे गुप्त व्हायची, शेवटी गौतमांनी दर्भाचा वेढा घालून तिला अडवलं, तेच हे कुशावर्त. गौतमांनी आणलेली ही गंगा म्हणजेच गोदावरी, म्हणून तिला गौतमीपण म्हणतात.

मंदिरात गेलात तर नीट बघा हं, नेहमीसारखी उंच पिंड नाही, खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश. मला तर दरवेळी अंगावर काटा येतो.