गगनबावड्याला निघण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

नवी सायकल घ्यावी का, असं विचारलंस. नको. आहे ती पुरेशी आहे, तिची चेन पुसून तेल घाल आणि ब्रेकचे रबर बघून घे. मला काळजी सायकलची नाही, तुझ्या वेळापत्रकाची आहे.

गगनबावडा कोल्हापुरातून साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ११०. ताशी वीसनं तू साडेपाच तास काढलेस. डांबरावर ठीक. पण फुलेवाडी, बालिंगा सोडल्यावर तुला उसातल्या पाणंदी घ्यायच्या आहेत, वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार, तेही बघायचंय. तिथं विसाचे आठ कधी होतात ते कळत नाही. म्हणून कुठं पोचायचं ते ठरवू नकोस, कधी फिरायचं ते ठरव. पहाटे साडेपाचला निघालीस तर दहा वाजता जिथं असशील तिथून माघारी. गगनगड समोर दिसत असला तरी! परतीचे किलोमीटर तेवढेच असतात, पाय तेवढे नसतात.

टायरातली हवा हा अर्धा खेळ आहे, आणि याकडे नवी पोरं बघतच नाहीत. डांबरावर टणक टायर पळतो, खडीवर तोच तुला उडवतो. तुझ्या दोन इंची टायरला रस्त्यावर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेव, पाणंदीला लागताना तिशीपर्यंत उतरव. त्याहून फार खाली नको, नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. आणि आधी व्हॉल्व्ह बघ. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसतो. तुझा बारीक, प्रेस्टा असेल तर छोटं पितळी ॲडॉप्टर जवळ ठेव, नाहीतर दुकान समोर असून हवा मिळायची नाही.

खडीवर हँडल आवळून धरू नकोस. कोपर सैल, बूड सीटवरून किंचित उचललेलं, नजर चाकापुढं नाही तर आठ-दहा हात लांब. सायकल थोडी हलणारच, हलू दे. पुढचा ब्रेक वळणावर दाबलास की चाक सुटलंच, म्हणून वेग वळणाआधी कमी कर. चढाला गिअरही आधीच उतरव. जोर लावून झाल्यावर बदललास तर चेन कुरकुरते, कधी उतरते.

ओली काळी माती दिसली तर सरळ उतर आणि ढकल. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ती अशी भरते की चाक फिरत नाही, मग काडीनं खरवडत बसायचं. पावसाळ्यात तर हा बेतच नको. मांडुकलीजवळ पुराचं पाणी रस्त्यावर येतं.

दिवाळीनंतर जाणार असशील तर गळीत हंगाम सुरू असेल. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे नि कांडी, आणि वर गाणी एवढी मोठ्यानं की तुझी घंटा ड्रायव्हरच्या कानापर्यंत जायची नाही. त्याला ओलांडायची घाई करू नकोस, आणि तो ओलांडून जाताना दुसरी ट्रॉली मोजूनच परत रस्त्यावर ये.

खाणं तू चिक्कीच्या बारवर भागवणार म्हणालीस. महागडा बार कशाला? गूळ-शेंगदाणे, चार केळी, आणि भूक लागायच्या आधी दर पाऊण तासाला थोडं तोंडात टाक. पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त, बरोबर चिमूटभर मीठ. तांबडा-पांढरा रस्सा परत आल्यावर. मटण खाऊन चढ चढवत नाही.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर ये. मागचं चाक काढून ट्यूब बदलून दाखव, माझी मदत न घेता. मग तारीख ठरवू.

तुझा,
काका