मे महिन्यात ग्रो टेंटमधलं लेट्यूस मान टाकतंय: आधी पाण्यात थर्मामीटर बुडवा

ताई, खताची बाटली आधी बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय, पुण्यात अगदी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, दिव्याखाली झाडं वाढवायचा 3 बाय 3 फुटांचा बंद टेंट, दीडशे वॅटचा एलईडी, आणि मातीऐवजी खताच्या पाण्यात झाडं वाढवायला वीस-वीस लिटरच्या चार बादल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेट्यूस छान आलं. एप्रिलअखेरपासून दुपारी पानं लोळायला लागली, आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून खत वाढवत इसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या खताचं माप, 1.2 वरून 2.2 पर्यंत नेली. आणि बादल्या तर काठोकाठ भरलेल्या आहेत. भरल्या बादलीत झाड मान टाकतंय म्हणजे पाणी आहे, पण मुळांना ते ओढता येत नाहीये. दुखणं मुळांचं आहे.

आजच एक नेट पॉट, म्हणजे झाड बसवलेली जाळीची कुंडी, उचलून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा सायीच्या रंगाची असतात, त्यांना जवळजवळ वास नसतो. तपकिरी, बुळबुळीत झाली असतील आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास येत असेल, तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज आहे. बहुतेक वेळा पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे. ते पाण्यात सहज पसरतं आणि कोमट पाण्यात, गुदमरलेल्या मुळांवर झपाट्याने वाढतं.

मुळं गुदमरतात का, ते सांगतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. पुण्याच्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. उलट पाणी तापलं की मुळांचा श्वास जोरात चालतो, त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. लेट्यूसच्या मुळांना 18 ते 22 अंश आवडतात, 25 च्या वर मला काळजी वाटायला लागते.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी टेंटमध्ये पानांच्या उंचीवर थर्मामीटर टांगला होता आणि रोज तोच बघत होतो. पाण्याचं तापमान कधी घेतलंच नाही. एका दुपारी चार वाजता स्वयंपाकघरातला थर्मामीटर बादलीत बुडवला, तर 33 अंश. तोवर चौदापैकी एकही झाड वाचण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याआधीचे दहा दिवस मीही तुमच्यासारखंच खत वाढवत होतो. त्या झाडांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

आता उपाय. सगळ्यात मोठा फरक दिव्याच्या वेळेने पडतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. तुमचा दिवा सकाळी 6 ते रात्री 10 चालतो. झाड त्या प्रकाशातला अगदी थोडा भाग साठवतं, बाकी सगळ्याची शेवटी उष्णता किंवा वाफ होते. म्हणजे भर उन्हाळ्यात, भर दुपारी, बंद खोलीत तुम्ही दीडशे वॅटचा हीटर लावून ठेवलाय. दिवा रात्री 8 ते सकाळी 10 करा. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो, त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता सुरू करण्यात फायदा नाही. चौदा तास लेट्यूसला पुरतात.

दुसरं म्हणजे एक्झॉस्ट. तुमचा पंखा टेंटमधली गरम हवा त्याच खोलीत सोडतोय आणि खोलीचं दार बंद. तीच हवा फिरून खालून परत आत येते. डक्ट खिडकीतून बाहेर काढा आणि आत येणारी हवा घराच्या गार बाजूने येऊ द्या. हे टेंट मुळात थंड देशांत रुळले. तिथे हिवाळ्यात दिव्याची ऊब हवीहवीशी असते, आपल्याकडे निम्मं वर्ष ती बाहेर काढावी लागते.

एअर पंपाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो टेंटच्या आत असेल तर बुडबुड्यांतून गरम हवाच पाण्यात सोडत राहतो. पंप टेंटबाहेर, सावलीत ठेवा, आणि बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. बादली काठोकाठही भरू नका. नेट पॉटखाली तीन-चार बोटं मोकळी हवा राहू द्या. झाड हळूहळू तिथे हवेतली मुळं काढतं आणि वीज गेली तरी काही तास तगतं.

बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, त्याचं खालचं टोक पाण्याच्या परातीत बुडवा आणि छोटा पंखा त्यावर सोडा. माठात पाणी गार होतं तोच हा प्रकार. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी चार-पाच अंश उतरलेलं मी मोजलंय. पावसाळ्यात माठ गार होत नाही, तसं हेही तेव्हा चालणार नाही. अगदीच अडलं तर एक लिटरची गोठलेली बाटली बादलीत सोडा, 20 लिटर पाणी साधारण चार अंशांनी खाली येतं. रोज बाटल्या गोठवण्यापेक्षा दिव्याची वेळ बदलणं सोपं आहे.

आत्ताचं पाणी टाकून द्या. बादल्या, नळ्या, एअर स्टोन (बुडबुडे सोडणारे दगड) घरातल्या ब्लीचच्या पातळ पाण्याने धुऊन खूप खळबळा. सडलेली मुळं कापा आणि नवं द्रावण इसी 1 च्या आसपास ठेवून भरा. उन्हाळ्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त पितं, त्यामुळे बादलीतली इसी आपोआप चढते. रोजची घट साध्या पाण्याने भरा.

हे साधं पाणी कुठलं, तेही बघा. धरणाचं पाणी कमी क्षाराचं असतं, पण मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाला असेल तर ते बहुधा बोअरचं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच सारखा वर चढत राहतो. टँकर आला की पीएच तपासा, 5.5 ते 6.5 मध्ये आणा.

कडा करपण्याबद्दल. तो कॅल्शियमचाच प्रश्न आहे, दुकानदार तिथवर बरोबर. पण कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं आणि आतली मिटलेली कोवळी पानं फारसं पाणी उडवत नाहीत, म्हणून त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. त्यात मुळं आजारी. बादलीत आणखी कॅल्शियम ओतून ते तिथवर जाणार नाही. रोपांच्या मधोमध हलता वारा लागेल असा क्लिप फॅन लावा. आणि ए व बी ही दोन भागांत येणारी खतं पाण्यात न मिसळता एकमेकांत कधीच ओतू नका. दाट असताना कॅल्शियम सल्फेट आणि फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसतं.

खरं सांगायचं तर मे महिन्यात मी लेट्यूस लावतच नाही. बरेच वाण 28-30 अंशांवर उगवत नाहीत, उगवले तर लवकर तुऱ्यावर जातात आणि पानं कडू होतात. पालक तर मूळकुजीला आणखी लवकर बळी पडतो. या दिवसांत दोन बादल्यांत बेसिल आणि दोनांत लाल माठ लावून बघा, दोघांनाही ऊब मानवते. लेट्यूसचं बी ऑक्टोबरअखेर टाका.

उद्या दुपारी चार वाजता पाण्याचं तापमान घ्या, परवा सकाळी सातलाही. दोन्ही आकडे आणि मुळांचा फोटो टाका. एखाद्या रोपाला गड्ड्याजवळ पांढरी टोकं दिसली तर ते उपटू नका, सावरतं ते.