तो लाल रंग पाण्याला दाखवू नका

ताबारुझाकाच्या लढाईचं, लाकडी ठशांनी छापलेलं तीन पानी जपानी चित्र, मागे पिवळा पुठ्ठा चिकटवलेला, मधलं पान फिकं, आणि आता पुठ्ठा भिजवून सोडवणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबा. 1877 च्या सात्सुमा बंडाच्या (जपानच्या नव्या सरकारविरुद्ध सामुराईंनी केलेल्या उठावाच्या) चित्रांतला भडक लाल बहुतेकदा बाहेरून आलेला ॲनिलिन हा कृत्रिम रंग असतो आणि तो पाण्याने पळतो. माझ्या चित्रावर एका फ्रेमवाल्याने ओला स्पंज फिरवला, झेंड्यांचा लाल आकाशभर उतरला. रंग कागदाच्या तंतूंत शिरला की परत निघत नाही. "थोडंसं पाणी चालतं" म्हणणाऱ्यांवर माझा अजूनही राग आहे.

पुठ्ठा काढायचाच असेल तर कोरडा. चित्र गुळगुळीत टीपकागदावर पालथं ठेवा आणि बोथट पातळ सुरीने पुठ्ठ्याचे थर मागून एकेक करून सोलत जा. ओढायचं ते पुठ्ठ्याला, चित्राला कधीच नाही. कागदाला चिकटलेला शेवटचा थर संवर्धन करणाऱ्या माणसासाठी सोडा. मी काही तज्ज्ञ नाही, पण तेवढं तरी ऐकाच.

समास मात्र अजिबात कापू नका. चित्रकार, प्रकाशक आणि सरकारी नोंदीची तारीख बहुधा तिथल्याच चौकटीत असते. ती जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षात लिहिलेली असते: मेइजी 10 म्हणजे 1877. ती तारीख लढाईची नव्हे, हे लक्षात ठेवा. ताबारुझाकाची लढाई मार्चमधली, तर बंडाचा नेता सायगो ताकामोरी 24 सप्टेंबरला शिरोयामा टेकडीवरच्या शेवटच्या लढाईत मेला. त्याच्या मृत्यूचं चित्र आणि नोंद त्याआधीची, असं दिसलं तर ते अफवेवर काढलेलं समजा. चित्रकार तोक्योत बसून वर्तमानपत्रांवरून काढत होते, त्यामुळे चेहरे पुरावा म्हणून धरू नका.

मधलं पान फिकं आहे म्हणून ते दुसऱ्या संचातलं ठरत नाही, एकटंच उजेडात टांगलेलं असू शकतं. जांभळा तर लवकर उडतो. तिन्ही पानांवरची तारीख आणि प्रकाशक जुळतात का, सांध्यावर रेषा पुढे जातात का, ते बघा. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापखान्यातली नक्कल.

टांगताना सेलोटेप नको. आम्लरहित कागदाचे दुमडलेले कोपरे करून त्यांत पानं अडकवा, खळ लागतच नाही. काच कागदाला टेकू देऊ नका, कोकणातल्या पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.