बाबांच्या पायावर फ्लॅप करायचाय, मग आधी कलर डॉपलर कशाला? पायात ब्लॉक असेल का?

ब्लॉकच्या संशयानेच सांगितलंय असं नाही. आपल्याकडे कलर डॉपलर म्हटलं की गुठळी, व्हेरिकोज व्हेन्स नाहीतर गरोदरपण एवढंच आठवतं, म्हणून हा प्रश्न मला ओपीडीतही विचारतात. मी प्लास्टिक सर्जन आहे.

तुम्ही लिहिलंय की घोट्याच्या वर नडगीचं हाड उघडं पडलंय आणि ‘प्रॉपेलर फ्लॅप’ ठरलाय. उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी लावली तर ती धरत नाही, खालून रक्तच मिळत नाही. म्हणून शेजारची कातडी चरबीसकट उचलायची आणि तिच्याच एका रक्तवाहिनीवर पंख्याच्या पात्यासारखी फिरवून जखमेवर आणायची, कधीकधी पूर्ण १८० अंश. ही रक्तवाहिनी म्हणजे परफोरेटर: आतल्या मोठ्या धमनीपासून निघून कातडीत येणारी फांदी, जाडी जेमतेम मिलिमीटरभर. तिची जागा माणसागणिक बदलते. डॉपलर तिला शोधून कातडीवर मार्करने ठिपका मारायला आहे. मोठ्या धमन्या नीट वाहतायत ना, तेही त्यातच कळतं.

जागेला एवढं महत्त्व का? समजा, परफोरेटरपासून जखमेचं लांबचं टोक ८ सेंमीवर आहे. मग पातं उलट्या बाजूला साधारण ९ सेंमी घ्यावं लागतं. ठिपका २ सेंमीने चुकला की पातं तोकडं. आमच्याकडे पेनासारखा छोटा डॉपलरही असतो, पण तो फक्त आवाज ऐकवतो. घोट्याजवळ मोठी धमनी कातडीच्या इतकी जवळ असते की ‘फुस्स-फुस्स’ तिचं की परफोरेटरचं, कळत नाही. कलर डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, त्यात वाहिनी स्नायूंवरचा पडदा भेदून वर कुठे येते ते दिसतं, जाडीही मोजता येते. सीटी अँजिओतही दिसतं, पण त्यात डाय द्यावा लागतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमजोर असेल, तर मी तो टाळतो.

माझी एक चूक सांगतो. तपासणी पेशंटला उताणं झोपवून झाली, ऑपरेशन मी कुशीवर केलं. कातडी सरकली, तिच्याबरोबर ठिपकाही. नशीब, आम्ही आधी एकाच बाजूने चीर देऊन वाहिनी डोळ्यांनी बघतो आणि मगच दुसरी बाजू कापतो. आखणी टेबलावरच बदलली. तेव्हापासून तपासणीला मी स्वतः मार्कर घेऊन जातो. बाहेरच्या देशांत कित्येक सर्जन सोनोग्राफीचा प्रोब स्वतःच धरतात. इथे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची आणि ते वापरणाऱ्याचीही नोंदणी लागते, त्यामुळे आमची भिस्त रेडिओलॉजिस्टवर.

म्हणून रेडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा की फ्लॅपसाठी परफोरेटर मार्क करायचाय. नाहीतर ‘गुठळी नाही’ एवढाच रिपोर्ट हातात येईल. ऑपरेशनला पाय कसा ठेवणार ते सर्जनला विचारा आणि तपासणी तशीच करून घ्या. प्रोब दाबून धरला तर एवढी बारीक वाहिनी चेपते आणि दिसतच नाही, त्यामुळे भरपूर जेल आणि हलका हात. एसीत पाय गार पडला असेल तर थोडा वेळ पांघरूण घालून ठेवा.

ठिपक्याचा पट्टी धरून फोटो काढा आणि त्या पायाला साबण लावू देऊ नका. पुसट झाला तर स्वतः गिरवू नका, सर्जनला सांगा. एका पेशंटच्या मुलाने मोठ्या काळजीने गिरवला होता, शेजारच्या तिळावर.